गाळलेली लाट

जर्मनीतल्या कुक्सहाफेनच्या फलाटावर गाडी रद्द झाल्याची घोषणा झाली आणि शेजारी उभा असलेला तरुण स्वतःशीच पुटपुटला, "झालं! पहिल्याच दिवशी उशीर."

चक्क मराठीत!

निशिगंधाने छत्री जराशी मागे केली. "कुठे जायचंय तुम्हाला?"

"समुद्र-निरीक्षणाच्या वर्गाला. तिथल्या बाई फार कडक आहेत म्हणे..."

"गेनाऊ! अगदी बरोबर," ती म्हणाली. "चला, बस पकडू. बाईंनाही उशीर झालाय."

त्याला समजायला क्षणभर लागला. मग बस येईपर्यंत त्याने मान वर केली नाही.

गौरांग हिंदी महासागरातल्या एका छोट्या बेटावरून आला होता. पणजोबांच्याही आधीपासून तिथे मराठी माणसं आहेत. बेटाच्या हवामानखात्यात माणसं मोजकीच. खात्याला नवा बोया मिळाला होता, तो वापरायला शिकण्यासाठी त्याला पाठवलं होतं. बोया म्हणजे समुद्रात नांगरलेला तरंगता गोळा. लाटेबरोबर तो वरखाली होतो आणि तिची उंची किनाऱ्याला कळवतो. त्यावरून मच्छीमारांना सांगायचं, आज जा... आज नको.

निशिगंधा पुण्याची, पण जर्मनीतच, कायझर्सलाउटर्नला शिकलेली. ती शिकवायची, तो विचारत राहायचा. वर्ग सुटला की दोघं धक्क्यावर भिजत चालायचे.

"तुमचा हा समुद्र असा राखाडी का हो?"

"तुमच्यासारखे विद्यार्थी प्रश्न विचारून विचारून त्याचा रंग उडवतात."

तो हसायचा, आणि मग तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहायचा.

एके दिवशी तिने शिकवलं, लाट अचानक दुप्पट झालेली दिसली तर तो यंत्राचा दोष समजायचा. असे आकडे संगणकाने आपोआप गाळायचे. इथल्या उथळ समुद्रात ते बरोबरही होतं. इथे वारा वाढतो, तशी लाट हळूहळू वाढते. गौरांगने तो नियम लगेच बेटावर कळवला.

"आमच्या खात्यातल्या शुभाताईंनी संगणकात बसवलासुद्धा! बाई खूश?"

"बाई खूश."

पुढच्या आठवड्यात तो वर्गात दिसला नाही. धक्क्यावरच्या बाकावर सापडला, पावसात, उघड्या डोक्याने.

"दूर कुठेतरी वादळ झालं," तो म्हणाला. "आमच्याकडे लख्ख ऊन होतं. पण त्या वादळाच्या लाटा आल्या... एकदम. बोयाने कळवलं होतं. संगणकाने गाळलं. आम्ही 'जा' म्हटलं. एक होडी बुडाली. दोघं होते तिच्यात, दोघंही गेले. त्यातला प्रताप शाळेत माझ्याच वर्गात होता."

निशिगंधाने छत्री त्याच्या डोक्यावर धरली. "नियम मी शिकवला."

"बसवायला मी सांगितलं."

"आता काढला ना?"

"काढला." तो पाण्याकडे बघत राहिला. "उद्या निघतोय. दोन्ही घरी जाऊन सांगायला हवं, कसं झालं ते."

"मीही येते."

"तुम्ही कशाला? तिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही. कुणी तुमचं नावही घेणार नाही."

"म्हणूनच. माझं नाव मीच सांगायला हवं."

"रडतील, शिव्या देतील... निशिगंधा, नका येऊ." पहिल्यांदाच तो तिला बाई म्हणाला नव्हता.

"तुम्ही एकटे ते ऐकणार आणि मी इथे पुढचा वर्ग घेणार? नाही जमणार मला." ती बाकाच्या आणखी जवळ आली. "प्रेम आहे माझं तुमच्यावर. हे सांगायची ही वेळ नाही, कळतंय मला..."

"नाही," तो म्हणाला. "ही वेळ नाहीच."

पण तो बाकावर जरा सरकला, तिच्यापुरती जागा करून.