रघनाकाची पाटी

लाइट येईपर्यंत बस अशी माझ्याजवळ, अस्मिता. मेणबत्ती मध्ये ठेव. त्या दिवशी चामटोलीच्या पलीकडे काय झालं ते तुझ्या बापाने तुला अर्धंच सांगितलंय. आमचा बबन पहिल्यापासून भित्रा. आत्या पूर्ण सांगते, ऐक.

रिटायर झाल्यावर मी तुझ्या आजोबांच्या पेटीतले कागद लावायला घेतले. त्यात एका जबानीची नक्कल निघाली, इंग्रजांच्या काळातली. जबानी देणारा रघनाक महार, म्हणजे माझ्या पणजोबांचा बाप. दोन गावांचं शिवेवरून भांडण पेटलेलं. तेव्हा रीत अशी, की महाराने शिवेवरची माती पाटीत भरायची, पाटी डोक्यावर घ्यायची आणि अनवाणी चालायचं. तो चालेल ती शीव. मध्ये पाटी टेकवायची नाही. खोटं चालला तर तो वाचत नाही, असं दोन्ही गावं मानायची.

आपल्या गावच्या पाटलाने त्याला आधीच दम भरला होता, ओढ्याच्या पलीकडून चाल म्हणून. पण खरी शीव अलीकडून, म्हणून रघनाक अलीकडूनच चालला. स्वतःच्या गावाची जमीन गेली! अगं, त्याच गावाच्या तुकड्यावर जगणारा माणूस तो. काय छाती असेल त्याची. सहीच्या जागी त्याने आपली घुंगरांची काठी काढलीय. ते वाचून माझा ऊर असा भरून आला की रात्री जेवण गेलं नाही. पाटी जिथे उतरवली, तिथेच पुढे त्याला पुरलं आणि वर दगड ठेवला, असं तुझे आजोबा सांगायचे.

नेमकी तीच जागा प्लॉटिंगवाल्याने पत्रे ठोकून घेतलेली. त्याचा माणूस भूपेश, बोलायला सज्जन. म्हणाला, मॅडम, तुमचा दगड दाखवा, तेवढी जागा सोडतो. नाहीतर गुरुवारी जेसीबी फिरणार.

म्हणून वैशाखातल्या भर दुपारी मी आणि बबन तिथे. भूपेश गाडीत एसी लावून बसलेला. सगळीकडे करवंदीच्या जाळ्या, वाळलेलं गवत, आणि ऊन असं की पाखरूसुद्धा ओरडत नव्हतं. दगड काही सापडेना. शेवटी बबनने रस्त्याकडेच्या एका दगडाकडे बोट केलं.

"ताई, हाच दाखवू. कोणाला काय कळणार?"

मलाही पटलं, खोटं कशाला बोलू. भूपेशला हाक मारायला तोंड उघडलं, आणि घोंगडीचा वास आला. घामाचा, धुराचा, अगदी नाकाशी. मग पुढे कुठेतरी घुंगरू वाजलं. छन्... जरा थांबून, पुन्हा छन्...

जाळीपलीकडे एक म्हातारा चालला होता. खांद्यावर काळी घोंगडी, डोक्यावर पाटी, पाय अनवाणी. त्याने एकदाही मागे वळून बघितलं नाही. मी त्याच्या मागे निघाले. चपला कधी सुटल्या कळलं नाही. काट्यांतून, पत्र्यांच्या फटीतून, नाकासमोर सरळ. एका जाळीशी घुंगरू थांबलं. बघते तर माणूस नाही. जाळीच्या बुडाशी दगड होता, आणि दगडावर कोरलेली काठी.

भूपेशने शब्द पाळला, जागा सोडली. पण परतताना रिक्षात बबन मला म्हणाला,

"ताई... तुझ्यापुढे कोणी नव्हतं."

"मग मी कोणाच्या मागे गेले?"

"एकटीच चालत होतीस... दोन्ही हात डोक्यावर धरून. पाटी धरतात ना... तसे."

घरी येऊन न्हाले, तर केसांतून लाल माती निघाली. म्हटलं, जाळीतली असेल. दुसऱ्या दिवशीही निघाली. मग रोजच. मान तर अशी भरून यायची की उशीवर टेकवत नव्हती. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, दगडापाशी मी पाटी उतरवलीच नव्हती. पुन्हा जाऊन तिथे वाकले, जमिनीला हात टेकवले. काही फरक नाही. पण खरं सांगू? मला भीती नाही वाटली. एवढ्या खऱ्या माणसाचं ओझं आपल्या डोक्यावर आलं, याचा अभिमानच वाटला.

काल तू उल्हासनगरहून आलीस, माझ्याच खोलीत झोपलीस. आज सकाळी मी न्हाले, तर पाणी एकदम स्वच्छ. मानही हलकी. दिवसभर विचार करतेय, पाटी उतरवली कोणी...

अस्मिता, तू मघापासून मान का चोळतेयस?