नदीतला आठ सेकंदांचा शॉट

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. जिथे हे घडलं त्याच थिएटरात मी आजही ऑपरेटर आहे, सिनेमाचं मशीन चालवतो. विश्वास ठेवायचा की नाही, तुमचं तुम्ही ठरवा.

रविवार होता. दुपारी बाराचा खेळ. बाहेर लख्ख ऊन.

जंगलातल्या साहसाचा जुना सिनेमा लागला होता. हिरॉइन नदीपलीकडे अडकलेली, नदीत मगरी, आणि हिरो तिच्यासाठी पाण्यात उडी घेतो.

ती उडी हिरोने घेतलीच नव्हती. माझ्या मामाने घेतली होती.

मामा हिरोचा डुप्लिकेट होता. शूटिंगच्या वेळी पाणी अचानक वाढलं आणि तो वाहून गेला. सापडलाच नाही. कंपनीच्या मॅनेजरने घरी येऊन सांगितलं, डोळ्याचं पातं लवायच्या आत गेला, दोर टाकायलाही वेळ मिळाला नाही.

शॉट मात्र त्यांनी सिनेमात ठेवला.

बावीस वर्षं मामीने तो पाहिला नव्हता. त्या दिवशी आपणहून आली. म्हणाली, तोंड दिसत नसेना का, पाठ तरी दिसेल.

सकाळीच मी रीळ तपासलं होतं. शॉट आठ सेकंदांचा. मामा नदीच्या मध्यावर पोचतो, डोकं पाण्याखाली जातं, की लगेच हिरो पलीकडच्या काठावर चढतो.

हॉलमध्ये दहा-बारा माणसं. मामी तिसऱ्या रांगेत एकटी.

नदी आली.

मामाने उडी घेतली. मध्यावर पोचला. डोकं खाली गेलं.

आणि...

काठ आलाच नाही.

पडद्यावर नुसतं पाणी. आधी पाखरांचा आवाज थांबला... मग पाण्याचा. मी मशीनकडे पाहिलं. रीळ फिरत होतं, पण त्याची खडखडही ऐकू येत नव्हती.

मग... डोकं वर आलं.

मामा वळला. तोंड सरळ आमच्याकडे. एक हात वर. तो ओरडत होता... आवाज नव्हता. खाली गेला. पुन्हा वर आला. पुन्हा खाली.

मी झरोक्यातून हॉलमध्ये पाहिलं. मामी उभी होती. पडद्याकडे पाठ, तोंड माझ्याकडे. दोन्ही हातांनी खुणावत होती. बंद कर.

स्विच हाताशी होता.

माझा हात हललाच नाही.

एकदम पाखरं किलबिलली. हिरो काठावर चढला. हिरॉइन त्याच्या गळ्यात पडली.

मी धावत खाली गेलो. मामी पुन्हा खुर्चीत बसली होती.

"चार मिनिटं," ती म्हणाली. "मी घड्याळ पाहिलं. चार मिनिटं दोर मागत होता रे तो."

"मामी, शॉट आठ सेकंदांचा आहे."

"मग तू थांबवलं का नाहीस?"

मी तिला धरून बाहेर आणलं.

दोघांनाही भास झाला असेल, अशी मी मनाची समजूत घालत होतो. पण आमचा डोअरकीपर आला. खेळ सुरू झाला की हा झोपतो, म्हणून सगळे त्याला घोरू म्हणतात. त्या दिवशी नेमका जागा होता. कुरकुरत म्हणाला, नदीचा सीन किती ताणलाय, लोक उठून जायला लागले होते.

खेळ सुटल्यावर मी रीळ पुन्हा लावलं.

आठ सेकंद.

रिळांच्या पेट्या दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी गेल्या. मामी अजून येते, चहा घेते. त्या दिवसाबद्दल बोलत नाही. मीही नाही.

पण तो सिनेमा कुठे ना कुठे लागत असेलच. तिथेही मामा वळून हात वर करत असेल का...

आणि तिथल्या ऑपरेटरचा तरी हात हलतो का?