बाराव्या खाटेवरची पट्टी

ही गोष्ट खरी आहे. तुम्हाला पटली नाही तरी माझी हरकत नाही. माझ्या प्रभाकरकाकांनाही ती आयुष्यभर पटली नव्हती, आणि ती तर त्यांच्यावरच गुदरली होती.

साल १९५७. जूनअखेरची ढगाळ दुपार. कल्याणातलं मुलींचं एक वसतिगृह.

फ्लूची साथ होती. काका सॅनिटरी इन्स्पेक्टर. तपासाला आले ते आधी फाटकावर हुकूम चिकटवून... आतली एकही मुलगी बाहेर जाणार नाही. हुकूम चिकटवायची त्यांना भारी हौस.

मग मोजणी. खाटा बावीस. आजारी एकवीस. बारावी खाट रिकामी.

पण मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या...

बावीस.

"काय बायजाबाई, उशीलाही ताप आला का?"

पट्ट्या बदलणारी बायजा हसली नाही.

"हात लावून बघा, सायेब."

काकांनी लावला.

पट्टी कढत होती.

त्यांनी दुसरी भिजवून स्वतः ठेवली. घड्याळ हातात धरून बसले. दहा मिनिटांत ती वाळून कडक झाली.

"कोण होती इथं?"

"कोनीच नाय. खाट नवी हाय. साथ आली तवापासून असंच चाललंय."

काकांनी वहीत एकवीसच लिहिलं. सरकारी तक्त्यात उशीसाठी रकाना नव्हता.

चार वाजता बाविसावी मुलगी पडली. कलावती. काकांची सख्खी भाची, कळव्याची. ताप एकशे चार.

"तिथं नको, सायेब. खाली टाकू."

"ओल्या फरशीवर? पोर मारायचीय का?"

त्यांनी तिला उचलून बाराव्या खाटेवर ठेवलं. ती सरकत सरकत अगदी कडेला आली.

"मध्ये हो गं, पडशील."

"जागा नाही, मामा..."

 काकांनी भाचीला घोंगडीत गुंडाळलं, स्वतःच्या हुकुमाशेजारून बाहेर नेलं आणि खात्याच्या जीपनं थेट कळव्याला आईकडे पोचवलं.

सकाळी पुन्हा मोजणी. आजारी एकवीस.

पट्ट्या... एकवीस.

"आज उशी थंड हाय, सायेब."

"बरं झालं."

"बरं कसलं?" बायजा म्हणाली. "काल फाटकातनं कोन कोन नेलंत?"

काकांनी आकडा लिहिला.  काहीच वाटलं नाही, असं ते सांगत.

कलावती आठवड्यात बरी झाली. पुढे लग्न, मुलंबाळं, सगळं झालं. काका मात्र कळव्याला गेले की दारातूनच चौकशी करून परत फिरत. कलावतीची आई, म्हणजे माझी आत्या, चिडायची.

त्या आठवड्यात घरी पट्ट्या किती लागत होत्या, हे त्यांनी तिला कधी विचारलं नाही.

आणि आत्यानंही... आपणहून कधी सांगितलं नाही.