रिकाम्या खुर्चीसमोरचा साक्षीदार

रविवारी सकाळी घड्याळजींनी डबा, पाण्याची बाटली आणि कोरी वही पिशवीत भरली आणि डोंगराची वाट धरली. काम अगदी साधं होतं. दिवसभर एका खोलीत बसायचं, कशाला हात लावायचा नाही, आणि खाली येऊन जे पाहिलं ते सांगायचं.

"बसून राहायचं काम कुणालाही जमेल," ते निघताना बायकोला म्हणाले होते.

"कुणालाही जमेल. हात न लावता बसणं तुम्हाला जमेल का, ते बघा," ती म्हणाली होती.

खोटं नव्हतं ते. तीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या बोटांना स्वस्थ बसणं ठाऊक नसतं.

डोंगराच्या माथ्यावर एक दगडी खोली होती, शेजारी लोखंडी मनोरा. हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबचं ते केंद्र. ते मास्तरांनी उभं केलं होतं. शाळेत विज्ञान शिकवता शिकवता मनोऱ्याचा एकेक तुकडा त्यांनी पाठीवरून वर नेला होता. मास्तरांनी अनेकांना टिंब-रेघांची मोर्स भाषा शिकवली, पण पुरते तयार झाले दोघंच. एक घड्याळजी आणि दुसरी तारताई. ताईने पस्तीस वर्षं तार कचेरीत काढली होती, म्हणून हे नाव. मास्तर जाऊन तीन वर्षं झाली होती. ताईचे गुडघे त्याआधीच गेले होते, आणि तिच्या सोसायटीने तिला गच्चीवर अँटेना सोडा, खिडकीत तारसुद्धा लावू दिली नव्हती. मग तिने क्लबला गळ घालून डोंगरावरच्या संचाला इंटरनेट जोडून घेतलं. आता ती तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरात बसून कळ दाबायची आणि आवाज डोंगरावरून निघायचा.

इथेच ठिणगी पडली. वार्षिक स्पर्धेत दिवसभरात देशोदेशीच्या रेडिओवाल्यांशी ज्याचे संपर्क जास्त, तो पहिला. गेल्या वर्षी ताई घड्याळजींच्या पुढे गेली, आणि क्लबच्या बैठकीत घड्याळजी उभे राहिले.

"ताई, राग मानू नकोस. पण मी माझ्या गच्चीवर, माझ्या हाताने उभारलेल्या मनोऱ्यावर खेळतो. तू गादीवर बसून डोंगर वापरतेस. एका पंगतीत दोघांना कसं बसवायचं?"

"तुझ्या गच्चीवर तुझ्या बापाने ठेवलेली जागा आहे, म्हणून मनोरा आहे," ताई शांतपणे म्हणाली. "मला जागा नाही, गुडघे नाहीत. कान आणि हात आहेत. स्पर्धा कशाची आहे, ते एकदा ठरवा."

"आणि वर खोलीत दुसरं कुणी बसून तुला मदत करत नाही, हे कुणी पाहिलंय?"

तारताईच्या इमानावर कधी कुणी बोट ठेवलं नव्हतं. ती रागावेल असं सगळ्यांना वाटलं. ती म्हणाली, "मग तूच बस वर. पुढच्या स्पर्धेत दिवसभर. तुझ्यापेक्षा खडूस साक्षीदार मिळायचा नाही."

घड्याळजींनी सगळ्यांदेखत शब्द दिला. स्वतः त्या वर्षी खेळायचं नाही, खोलीत बसायचं, आणि काही झालं तरी कशाला हात लावायचा नाही.

सकाळी सातला स्पर्धा सुरू झाली तेव्हा ते भिंतीला टेकलेल्या बाकावर बसले होते. समोर मास्तरांचं टेबल, टेबलावर संच, संगणकाचा पडदा, इंटरनेटची डबी, आणि त्यापुढे मास्तरांची चामड्याच्या बैठकीची खुर्ची. रिकामी. सात वाजता संचाचा दिवा आपोआप लागला, बाहेर मनोऱ्यावरची अँटेना कुरकुरत पूर्वेला वळली आणि खोलीत ताईचा हात वाजू लागला.

हात म्हणजे कळ दाबण्याची लकब. जाणत्याला ती आवाजासारखी ओळखू येते. ताईचा हात जलद, स्वच्छ, कचेरीत घासूनपुसून लख्ख झालेला. या स्पर्धेत प्रत्येकाने समोरच्याला आपलं वय कळवायचं असतं. बायकांना सूट आहे, दोन शून्यं पाठवली तरी चालतात. ताई मात्र प्रत्येकाला सदुसष्ट ठणकावून सांगत होती. घड्याळजींना हसू आलं. दुपारपर्यंत त्यांना मनातल्या मनात कबूल करावं लागलं, की बाई सुरेख खेळते. कुजबुजीएवढा क्षीण आवाज ती गोंगाटातून अलगद उचलायची. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मदत नव्हती. वहीत त्यांनी तसं लिहिलंही. लिहिताना वाईट वाटण्याऐवजी छाती किंचित फुगली. शेवटी एकाच मास्तरांच्या हाताखालचे ते दोघं.

तीनच्या सुमारास धुकं चढलं. आधी मनोऱ्याचं टोक गेलं, मग मनोरा, मग खिडकीबाहेरची पायवाट. पांढरं, ओलं, गच्च. दिवस असूनही खोलीत संध्याकाळ झाली. तीन वाजून बारा मिनिटांनी ताईचा हात एका अक्षराच्या मध्येच तुटला. इंटरनेटच्या डबीवरचा हिरवा दिवा विझला होता. पडद्यावर "संपर्क नाही" अशी ओळ आली. त्यांनी वेळ लिहिली. संपर्क तुटला की एका मिनिटात संच आपोआप बंद होतो, तशी सोयच होती. मिनिटाने तो बंद झाला.

शांतता पसरली. पत्र्यावरून धुक्याचं पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज. मोबाइलला इथे कधीच रेंज नसायची. घड्याळजी बाकावर बसून राहिले.

सव्वातीनला संचाचा दिवा लागला.

त्यांनी डबीकडे पाहिलं. दिवा विझलेलाच होता. पडद्यावर तीच ओळ होती. आणि खोलीत आवाज सुरू झाला. संथ, टपोरा. ताईचा नव्हे.

आधी त्यांना वाटलं, यंत्राने साठवलेला संदेश वाजत असेल. पण साठवलेला संदेश समोरच्याचं ऐकून उत्तर देत नाही. हा देत होता. समोरून कुणी चुकीचं ऐकलं, तर थांबून, समजावून, पुन्हा सांगत होता. आणि प्रत्येक निरोपाची शेवटची रेघ जरा लांबवत होता. वाक्य संपवून फळ्यावर खडू टेकवावा, तशी.

घड्याळजींनी कान टवकारले. शेवटची रेघ अशी लांबवणारा एकच माणूस त्यांनी आयुष्यात ऐकला होता.

खुर्ची रिकामी होती. टेबलावरची पितळी कळ हलत नव्हती. पण खोलीत वास यायला लागला होता, तारांना डाग देताना राळ जळते तसा. मास्तरांच्या सदऱ्याला जन्मभर तो वास होता. घड्याळजींनी टेबलाखाली वाकून पाहिलं. डाग द्यायची सळई कोपऱ्यात गार पडलेली, तिची वायर गुंडाळून ठेवलेली.

वय कळवायची वेळ आली. हाताने पाठवलं... चौऱ्याहत्तर.

पुढच्याला पुन्हा चौऱ्याहत्तर. त्याच्या पुढच्यालाही.

भिंतीवर मोठा खटका होता. तो खाली ओढला की खोलीची वीज जाणार, हे सगळं थांबणार. घड्याळजी उठले. हात खटक्यापर्यंत गेला. न शिवताच बोटांना त्याचं थंड लोखंड जाणवत होतं. पण शब्द दिला होता. काही झालं तरी हात लावायचा नाही, असं सगळ्यांदेखत म्हटलं होतं, आणि "काही" म्हणजे काय, हे त्या वेळी कुणाला ठाऊक होतं? त्यांनी हात मागे घेतला, दुसऱ्या हाताने तो मनगटाशी घट्ट धरला आणि पुन्हा बाकावर बसले. रिकाम्या खुर्चीसमोर, वर्गात बसावं तसे ताठ. एकेक संपर्क वहीत लिहीत राहिले. एकही सुटला नाही.

फक्त एकदा त्यांचं धैर्य खचलं. तीन अडतीसला ते दार उघडून बाहेर धुक्यात गेले. बाहेरची जोडणी तपासायला जातोय, असं स्वतःला बजावत गेले. खरं म्हणजे त्यांना त्या खोलीत श्वास घेववत नव्हता. भिंतीला हात लावून आठ मिनिटं ते नुसते उभे राहिले. आत टिंब-रेघा चालू असल्याचं कळत होतं, पण दगडी भिंतीपलीकडून शब्द लागत नव्हते. मग स्वतःचीच लाज वाटून ते आत आले. त्या आठ मिनिटांतले संपर्क त्यांनी पडद्यावरच्या नोंदीतून उतरवून घेतले.

चार वाजून चार मिनिटांनी हिरवा दिवा लागला. संथ हात थांबला. तिथल्या तिथे ताईचा हात सुरू झाला, जलद, लख्ख, सदुसष्ट ठणकावणारा. घड्याळजींच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या हाताविरुद्ध वर्षभर भांडलो, त्याचाच एवढा आधार वाटेल, हे त्यांना स्वप्नातही वाटलं नसतं.

पाचला स्पर्धा संपली. ते उतरले ते थेट ताईच्या घरी. तिने दार उघडंच ठेवलं होतं. ती लॅपटॉपसमोर बसली होती, आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"तीन पंधरा ते चार चार," त्यांनी तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली. "एक्केचाळीस. परत जोडली गेले तर माझ्या नोंदीत येऊन बसले होते. मी पाठवलेले नाहीत."

"मला माहीत आहे."

"खोडलेत मी."

"पहिला नंबर जाईल, ताई."

"एकोणीस संपर्कांनी जातोय. इंटरनेटवरचा तक्ता बघून मोजलंय." तिने पदराने चष्मा पुसला. "दुसऱ्याच्या हाताचं माझ्या नावावर आजवर घेतलं नाही. त्यांचं तर मुळीच घेणार नाही."

"म्हणजे तू..."

"वयाचा रकाना वाचला मी." तिचा आवाज अगदी खाली आला. "ते गेले तेव्हा एकाहत्तर होते ना रे?"

"हो."

"आणि त्याला तीन वर्षं झाली."

ताईने पाणी दिलं, घड्याळजी ते उभ्यानेच प्याले.

क्लबच्या बैठकीत घड्याळजींनी अहवाल वाचला. तारताईला कुणाचीही मदत नव्हती, संपर्क तुटलेल्या वेळेतले एक्केचाळीस तिचे नव्हते, आणि ते तिने कुणी न सांगता खोडले, इतकंच त्यात होतं. ते कुणाचे होते, हे कुणीतरी विचारलंच.

"मी हात न लावता बसलो होतो," घड्याळजी म्हणाले. "पाहिलं ते सांगितलं. जे पाहिलं नाही, ते कसं सांगू?"

स्वतःचं बाहेर जाणं त्यांनी अहवालात घातलं नव्हतं. साक्षीदार भिऊन जागा सोडून उठला, हे लिहायला हात धजला नव्हता. ताईलाही ते बोलले नव्हते. मग लांबून खेळणाऱ्यांना वेगळं काढावं का, यावर हात वर करायची वेळ आली, तेव्हा नकाराचा पहिला हात घड्याळजींचा होता. "ही बाई माझ्या पंगतीत बसणार नसेल, तर मलाही त्या पंगतीत बसायचं नाही," ते म्हणाले. खोलीत टाळ्या पडल्या. ताई दुसरी आली आणि त्या दुसऱ्या क्रमांकाचं प्रशस्तिपत्र तिने दिवाणखान्यात मधोमध लावलं. येणाऱ्याजाणाऱ्याला घड्याळजी ते स्वतःचं असल्यासारखं दाखवायचे.

दोन महिन्यांनी ताई रिक्षा करून घड्याळजींच्या दुकानाशी आली. खाली उतरली नाही. आतूनच तिने एक पाकीट पुढे केलं.

"वाच. आणि मला सांग, यातलं खरं किती."

पत्र समुद्रापलीकडच्या एका दीपगृहाच्या राखणदाराचं होतं. एक्केचाळीसांतला एक. त्याने लिहिलं होतं, की हल्ली लांबून चालवलेली केंद्रं फार झाली आहेत, म्हणून तो भेटेल त्याला विचारतो, तुम्ही जागेवर आहात की लांबून? तुमच्या केंद्रावरच्या वृद्ध गृहस्थांनी स्पर्धेच्या घाईतही थांबून उत्तर दिलं, ते मनात राहिलं, म्हणून हे चार शब्द. खाली वेळ दिली होती, आपल्या घड्याळाने तीन चाळीस. घड्याळजींनी ती दोनदा वाचली. तीन चाळीसला ते बाहेर धुक्यात भिंतीला धरून उभे होते, आणि हे त्यांच्याशिवाय जगात कुणालाच माहीत नव्हतं.

त्यापुढे राखणदाराने ते उत्तर जसंच्या तसं उतरवलं होतं.

"जागेवरच आहे. माझा विद्यार्थी सोबत बसला होता, शब्दाचा पक्का आहे. जरा बाहेर गेलाय. येईल माझ्याकडे."