तांब्यात राहिलेला आवाज

“अहो, थांबा! हातोडा खाली आणू नका!”

देवाची समई घ्यायला तांबट आळीत आलेली प्रतिभा स्वतःच्याच आवाजानं लाजली. हातोडा मात्र हवेतच थांबला.

“ताटाचा एवढा कळवळा?” ललित तांबट हसला.

“ताट नाही हो हे... रेघा बघा.”

ऐरणीवरच्या तांब्याच्या तबकडीवर केसाएवढ्या रेघा गोल फिरत होत्या. मधोमध कोरलेला आकडा तिनं ऐरणीवर वाकून दोनदा वाचला. घरी देव्हाऱ्यात आजोबांच्या, खंडेरावबुवांच्या एकुलत्या एक रेकॉर्डचे तुकडे होते... त्यांवर हाच आकडा! कीर्तनकार बुवा गेले तेव्हा बाबा पाळण्यात होते. बाबांना कळू लागायच्या आतच रेकॉर्डही फुटली. वडिलांचा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

“रेकॉर्डी छापायचे साचे ज्यांवरून काढत, त्या मूळ तबकड्या या,” तिनं हे सारं सांगितलं तसा ललितचा आवाज उतरला. “माझे वडील मुंबईहून मोडीत घेऊन आले. चाळीस होत्या. बाकीच्यांची आंघोळीची घंगाळं झाली.”

“अगंबाई! म्हणजे कुणाचं गाणं कुणाच्या पाठीवर ओततायत!”

“ही घरी आणून देतो. पत्ता सांगा.”

“तबकडी द्यायचीय, की पत्ता हवाय?”

“पत्त्याशिवाय तबकडी पोचेल कशी?”

रविवारी सकाळी, पंचवटीतल्या घरी, तिच्या बाबांनी—तेही कीर्तनकारच, भिमाजीबुवा—ललितनं आणलेली तबकडी नमस्कार करून जुन्या ग्रामोफोनवर ठेवली. सुई टेकली. खरखर... नुसती खरखर. प्रतिभानं डोळे मिटले. पांडुरंगा, एवढं कर रे!

अन् आवाज उठला! खणखणीत, हरिनामात न्हालेला. भिमाजीबुवा कर्ण्याकडे कान नेऊन ऐकू लागले. मग त्या आवाजानं सुरांची एक नाजूक हरकत घेतली आणि ते ताडकन उठले.

“अगं, ही तर माझी हरकत! मला कुणी शिकवली नव्हती गं...”

“त्यांचीच आहे, बाबा. तुमच्याकडे आली.”

बुवांनी टाळ उचलले. बासष्टाव्या वर्षी मुलगा पहिल्यांदा बापाला साथ करू लागला. दारावरून जाणाऱ्या भाजीवाल्या आक्काबाईनं टोपली उतरवून हात जोडले.

तेवढ्यात आवाज जड होऊ लागला. चावी संपली! प्रतिभा धावली, ललितही धावला. दांड्यावरच्या तिच्या हातावर त्याचा हात पडला... आणि तिथंच राहिला.

“रोज ऐकायला येऊ?” तो कुजबुजला.

“रोज?”

“जन्मभर म्हणायचं होतं... धीर झाला नाही.”

“आता झाला ना?” तिनं हात काढला नाही. “मग या... जन्मभर.”

“अरे, आधी चावी द्या!” बुवा टाळ उंचावून ओरडले. “बाप मध्येच थांबलाय माझा!”