म्हादबाचं कामपत्र

मधाची बाटली, बूच घट्ट लावलेलं.

पुलाची तिसरी फळी, कुजकी.

"जेवलास का रे?"

मरण क्रमांक चार हजार एकशे बारा.

राजीनामा, सहीची जागा कोरी.

हे सगळं शर्वाणी पोंक्षेच्या पडद्यावर एकाच वेळी उघडं होतं. कोल्हापुरातल्या एका कंपनीत ती संगणकखेळांच्या कथा लिही. तिथे प्रत्येक पात्राचं कामपत्र असे: पात्र कशासाठी आहे, ते एका ओळीत. खेळाडूचा सोबती, खेचरवाला म्हादबा, याच्या कामपत्रावर होतं: 'सातव्या प्रकरणात खेळाडूला वाचवताना पुलावरून पडून मरणे.' हे मरण लोकांना लागावं म्हणून शर्वाणीनेच त्याला एक इच्छा दिली होती. बहिणीला मध पोचवायचा.

आता म्हादबा खेळाडूशी बोलेनासा झाला होता.

"बिघाड नाहीये," अभियंता फरहाना मुल्ला म्हणाली. "दर चाचणीनंतर त्याची आठवण पुसतो आपण. मनवळण राहतं. कशाने इच्छा पुरी होते, कशाने अडते, एवढंच. त्यानेच तो जिवंत वाटतो."

"आणि चार हजार वेळा..."

"मैत्री झाली की मध पोचत नाही. मग मैत्रीच नको."

"वळणही पुसा," दारातून कंपनीचे प्रमुख देवधर सर म्हणाले.

"नुसतं लाकूड उरेल, सर," शर्वाणी म्हणाली.

"शर्वाणी, तो पात्र आहे, तुझा मावसभाऊ नाही. संध्याकाळी खेळ बाहेर जातोय. पुलावर कुणीतरी मेलंच पाहिजे."

"कुणीही चालेल?"

"कुणीही. लोक रडले म्हणजे झालं."

शर्वाणीने कळफलक पुढे ओढला. तिने लिहिलं: 'कुजक्या फळीवर जो आधी पाय ठेवील, तो पडेल.' खेळाडू पडला तर काय, उठून चहा प्यायला जाईल.

माणसाच्या जागी आपोआप खेळणाऱ्या स्वयंखेळाडूंनी तीनशे चाचण्या केल्या. म्हादबा बोलू लागला. "जेवलास का रे?" त्याने अर्धी भाकरी मोडून दिली. मध पहिल्यांदा बहिणीच्या हातात पडला. शर्वाणीने राजीनामा पुसला आणि ओढणीने डोळे.

"इकडे ये," फरहाना हळूच म्हणाली. "पहिल्या वीस चाचण्यांत कधी म्हादबा पडला, कधी खेळाडू. नंतर दरवेळी खेळाडूच."

"का?"

"जवळच्याचं माणूस ऐकतं. म्हादबा भाकरी देतो, पाठीवर हात ठेवतो, म्हणतो, तू पुढे हो."

"तो असा नाहीये गं!"

"त्याला एकच इच्छा आहे. तूच दिलेली. आता त्याने खेळाडूचं कामपत्र लिहिलंय: माझ्याऐवजी पुलावरून पडणे."

शर्वाणी धावत बाहेर गेली. "सर, थांबवा!"

"कशाला? चाचण्या बघणारे सगळे रडतायत," सर म्हणाले. "खेळ पाठवला मी."

त्या चार हजार मरणांच्याही आधी, अगदी पहिल्या चाचणीत, पुलाच्या बऱ्याच अलीकडे, म्हादबाने खेळाडूला त्याचं नाव विचारलं होतं. उत्तर द्यायची सोय खेळात ठेवलेली नव्हती.