मोकळ्या कानावरचा हात

हसायचं असेल तर खुशाल हसा. असल्या गोष्टी ऐकून मीही नाक मुरडायचो. पण हे माझ्याच घरामागच्या वर्कशॉपमध्ये घडलंय. तेही रविवारी, भर दुपारी.

माझी लेक चाकांच्या खुर्चीत असते. तिच्या पाय टेकवायच्या दोन्ही पट्ट्यांचे ब्रॅकेट तुटले. नवे कुठेच मिळेनात. शेवटी ओतारीकाकांच्या हातापाया पडून दोन ओतून घेतले.

"साचा फुटला बरं का," काका म्हणाले. "आता वाट लावलीस तर माझ्याकडे येऊ नकोस."

पायपट्टी खालीवर करता यावी म्हणून प्रत्येकात एक वाकडी खाच पाडायची होती.

आणि तुकडा तरी कसला! सपाट जागा शोधून सापडेना. खाच पाडायच्या मशीनच्या टेबलावर कसाही ठेवा, डुगडुगणार. खाली पॅकिंग दिलं, क्लॅम्प आवळले आणि एक बाजू कशीबशी बसवली. दुसऱ्या बाजूला कानासारखा बाहेर आलेला लांब भाग, म्हणजे त्याचा कान, मात्र हवेतच राहिला. तिथे क्लॅम्प लावावा, तर तो नेमका कटरच्या वाटेत.

असल्या कामाला बाबा असायचे. मी मशीनच्या गोल फिरत्या टेबलाचं हँडल फिरवायचो. ते मोकळा कान तळव्याने दाबून धरायचे आणि टेबलाबरोबर सरकत जायचे. हात ठेवताना "धरलं" म्हणायचे, काढताना "सोडलं". न बोलता मशीनजवळ हात नेलेला त्यांना अजिबात खपायचा नाही.

बाबांना जाऊन वर्ष झालं.

मशीन चालू केलं. कटर टेकला आणि कान थडथडायला लागला.

कर्रर्र... कर्रर्र...

माझे दात शिवशिवले. आता मोडतो की मग मोडतो, अशी गत.

आणि एकदम...

थडथड थांबली.

मशीन चालूच होतं. कटर शांतपणे कापत होता. मी कानाकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं.

काहीच नव्हतं... लोखंडाचा भुगासुद्धा नाही. तो सगळीकडे उडत होता. माझ्या भुवयांवर, टेबलावर, क्लॅम्पवर. कानावर एक कण बसत नव्हता.

खरं सांगू? मला भीती वाटली नाही. डोळे भरून आले.

"जपून हं, बाबा," मी म्हणालो आणि हँडल फिरवत राहिलो.

खाच सुरेख उतरत होती. शेवटचा थोडा भाग उरला. तो कानाच्या अगदी जवळ होता.

"बाबा, सोडा आता."

काही नाही.

"बाबा... सोडा."

कान हललासुद्धा नाही.

मग माझ्या लक्षात आलं. सुरुवातीला "धरलं" असं कोणी म्हणालंच नव्हतं.

मशीन बंद केलं. क्लॅम्प सोडले. तुकडा उचलायला गेलो...

उचलेना.

दोन्ही हातांनी ओढला. टेबलावर कोणीतरी पूर्ण भार टाकून उभं असावं, तसा तो जागचा हलत नव्हता. आणि मग, माझी ओढाताण चालू असतानाच, तो अचानक मोकळा झाला. मी मागच्या कपाटावर जाऊन आपटलो.

खाचेजवळ लोखंड हाताला चटका देत होतं. कान मात्र गारठलेला.

घरात आलो. मी काही बोलायच्या आत आईच म्हणाली, "अरे, आज बरं वाटतंय बघ. तू हसशील मला, पण दुपारभर बाहेरच्या खोलीत यांचा खोकला ऐकू येत होता. तिथून जरा म्हणून हलले नाहीत."



उरलेली खाच अंगणात बसून कानशीने पुरी केली. लेकीचा उजवा पाय आता पट्टीवर नीट टेकतो. डावा तसाच लोंबकळतो. दुसरा ब्रॅकेट खोक्यात पडून आहे. "पप्पा, कधी करणार?" ती रोज विचारते. धरायला माणूस मिळत नाही, असं सांगून मी वेळ मारून नेतो.

काल ती हसून म्हणाली, "एवढंच ना? मी येते की. मी धरते."

मी इतक्या जोरात "नाही" म्हणून ओरडलो की पोर रडायला लागली. आई मला अजून बोलते आहे.